ग्रामसभेत सहावीच्या पोरांनी प्रश्न विचारावेत का?

खडूवाले मास्तर:
सहावीला 'स्थानिक शासन' शिकवतो. ग्रामसभेचे सभासद कोण, वर्षातून किती सभा, पोरं घडाघडा म्हणतात. म्हटलं, एकदा दाखवूच. २६ जानेवारीच्या सभेला घेऊन गेलो. एक मुलगी उठली, "वरच्या आळीला रोज पाणी, आमच्या वस्तीला चार दिवसांनी. असं का?" सरपंच आधी हसले, मग ग्रामसेवकाकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी मला साहेबांचा निरोप: अभ्यासक्रम पुरा करा. आता हा अभ्यासक्रम नाही तर काय आहे? ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी म्हणायचे, आपलं शिक्षण बँकेसारखं आहे; मास्तरने ठेव ठेवायची, परीक्षेला ती काढायची. लोकशाही अशी चालते का?

रोखठोक:
मास्तर, राग मानू नका. तुमच्या वर्गातल्या किती पोरांना मराठीचा धडा न अडखळता वाचता येतो? आधी ते करा. क्रांती नंतर.

खडूवाले मास्तर:
फ्रेरींनी वाचायलाच शिकवलं हो! १९६३ साली आंजिकोस गावात ३०० मजुरांना ४० तासांत. 'तिजोलो' म्हणजे वीट. बांधकामावरच्या माणसाला हा शब्द द्यायचा, त्यातून ता-ते-ती सोडवायची आणि बोलता बोलता निघतं, विटा मी रचतो, घर कुणाचं? तिथे निरक्षरांना मतदानाचा हक्कच नव्हता. म्हणून तर १९६४ला लष्कराने सत्ता घेतल्यावर त्यांना तुरुंगात टाकलं. नुसती बाराखडी शिकवली असती तर कोण घाबरलं असतं?

रोखठोक:
ती मोठी माणसं होती. कमावती, संसारी. अकरा वर्षांच्या पोराला मास्तर म्हणेल तीच पूर्व दिशा. तुम्ही तुमचं राजकारण शिकवाल, शेजारच्या शाळेतला मास्तर त्याचं शिकवेल. दोघंही म्हणणार, आम्ही 'विचार करायला' शिकवतो. पोपट तोच, पोपटपंची फक्त वेगळी.

नदीकाठची:
वयाचं म्हणाल तर मुक्ता साळवे आठवा. फुल्यांच्या शाळेतली मुलगी, १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, असं विचारते ती. पोरगी होती म्हणून गप्प बसवायची होती का?

रोखठोक:
मुक्ताने स्वतःच्या मांग समाजाचं दुःख लिहिलं. मास्तर, खरं सांगा, पाण्याचा प्रश्न त्या मुलीचा होता की तुमचा?

खडूवाले मास्तर:
पाणी तिच्या वस्तीचं. वाक्य मी नीट करून दिलं होतं. ती म्हणाली होती, "आमच्याकडं नळाला नुसती हवा येते."

नदीकाठची:
अहो, मग तेच म्हणू द्यायचं! तुमच्या वाक्यापेक्षा शंभर पटीने चांगलं होतं ते.

शिवारातला:
तुम्ही फ्रेरी-फुले करा. मला एवढंच विचारायचंय, त्या पोरीचा बाप कुणाच्या रानात कामाला जातो? मास्तर, तुमची फार तर बदली होईल. आमच्या गावात असाच एकजण सभेत बोलला, तर पुढचे दोन महिने त्याला कुणी खुरपणीला बोलावलं नाही.

खडूवाले मास्तर:
सरपंचांच्याच. सभेला नेण्याआधी हे मी विचारलं नव्हतं. काल तिच्या घरी गेलो होतो. बापाने चहा दिला, पाण्याचं नाव काढलं नाही. निघताना मुलगीच दारात आली, "सर, पुढची ग्रामसभा कधी?"