तोत्तोरीला कुणी जाऊन आलंय का? किल्ला, विमानतळ, काहीही लिहा

जपान म्हटलं की तोक्यो-क्योतोच, म्हणून मुद्दाम हा धागा काढतेय. तोत्तोरी विद्यापीठाच्या कोरडवाहू जमिनींवरच्या संशोधन केंद्रात मी दोन वर्षं होते. आई-बाबांना आणायला विमानतळावर गेले. नाव 'तोत्तोरी साक्यू कोनान'. साक्यू म्हणजे इथल्या वाळूच्या टेकड्या, कोनान म्हणजे 'मांगा'तला, म्हणजे जपानी चित्रकथेतला छोटा डिटेक्टिव्ह. त्याचा निर्माता याच प्रीफेक्चरचा (म्हणजे प्रांताचा), म्हणून २०१५ पासून हे नाव. बाबांचा पहिला प्रश्न, "इथे किल्ला आहे का गं?"

आहे. १५८१ मध्ये हिदेयोशी या जपानी सेनापतीने आतल्यांना उपाशी मारून तो घेतला. वेढ्याआधी व्यापाऱ्यांकरवी चढ्या भावाने आसपासचा तांदूळ उचलला. किल्ल्यातल्यांनीही भावाला भुलून कोठारातला विकला, असं सांगतात. मग खाणारी तोंडं वाढावीत म्हणून गावकऱ्यांना आत पिटाळलं. बाबांचा जन्म आडतीवर माल घालण्यात गेला. चढ्या भावाचं ऐकून ते कितीतरी वेळ गप्प बसले.

* * *

प्रतिसाद १: किल्ल्याचा डोंगर क्यूशोझान फक्त २६३ मीटर, पण दगडी पायऱ्यांनी पोटऱ्या भरून येतात. वरून समुद्र, वाळूच्या टेकड्या आणि पूर्वेला हिदेयोशीच्या छावणीचा डोंगर. इतका जवळ, की तिथल्या चुलींचा धूर इथल्या उपाशी माणसांना दिसत असणार. पन्हाळ्याहून निसटायला पावसाची रात्र तरी मिळाली. इथे नदी आणि समुद्र, दोन्हीकडून रसद तोडलेली. शेवटी किल्लेदार किक्कावा त्सुनेइएने बाकीच्यांचे प्राण वाचावेत म्हणून स्वतःचं पोट चिरलं. वय पस्तिशीचं. मरण्याआधी त्याने मुलांना पत्र लिहिलं, त्यांना वाचता यावं म्हणून सोप्या काना लिपीत. पायथ्याशी त्याचा पुतळा आहे. मी बूट काढून नमस्कार केला.

खाली किल्ल्याच्या तेन्क्यू-मारू या भागात फुगलेल्या तटाला टेकू म्हणून रचलेली चेंडूसारखी गोल भिंत आहे. ती नंतरच्या काळातली, पण चुकवू नका.

* * *

प्रतिसाद २: आम्ही लेकासाठी गेलो, तो कोनानवेडा. विमानतळ छोटं, रोजची विमानं तोक्योच्या हानेदा विमानतळाची. जागोजागी कोनान. लेक तिथून हलेना!

* * *

प्रतिसाद ३: मी डॉक्टर आहे, म्हणून एक गोष्ट लिहिते. किल्ला पडल्यावर बाहेर आलेल्यांना पेज दिली आणि ती भराभर प्यायलेले कित्येक जण मेले, अशी नोंद आहे. फार दिवसांच्या उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपकन उतरतं, हृदय बंद पडू शकतं. शिकत असताना वॉर्डात एक आजोबा आले होते, कित्येक दिवस पोटात काही नाही. आम्ही आधी जीवनसत्त्व बी-१ चं इंजेक्शन दिलं, मग चमच्या-चमच्याने पेज. त्यांचा मुलगा चिडला, "म्हातारा भुकेला आहे, वाटी भरून द्या की!" त्याचंही चूक नव्हतं. तोत्तोरीत त्या तटाखाली उभी असताना मला त्याचाच चेहरा आठवत होता. आजोबा तेराव्या दिवशी चालत घरी गेले.