मदत हवी आहे: कॉलेजची डार्करूम सुटतेय आणि बाबांच्या निगेटिव्हज अजून बाकी आहेत

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे, पण नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात असते, वय ४६. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर गेल्या वर्षी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही सरकारी दोन वर्षांची कॉलेजं असतात, प्रवेशपरीक्षा वगैरे नाही, कुठल्याही वयाच्या माणसाने जावं, आणि कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला क्वार्टर सिस्टीमच्या म्हणजे सहामाहीऐवजी तिमाही सत्रं असलेल्या कॉलेजात युनिटमागे (कोर्स मोजायचं माप) ३१ डॉलर फी पडते. माझ्या वर्गात अठरा-एकोणीसची पोरं आहेत आणि एक सत्तरीचे रिटायर झालेले आजोबा पण आहेत. मी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म फोटोग्राफी घेतली, म्हणजे रोल भरायचा, आपणच धुवायचा, आपणच प्रिंट काढायची. जोडीला ड्रॉइंग. शाळेत इंटरमिजिएटला बी ग्रेड होती, वस्तुचित्रात तांब्या-पेला छान यायचा, इथे पहिल्याच दिवशी सांगितलं की कागदाकडे बघायचंच नाही, आपल्या हाताकडे बघत पेन्सिल न उचलता रेघ ओढत जायची. तीन आठवडे जमेना. पण त्याने बघायची सवय बदलली हे नक्की.

आता मूळ गोष्ट. माझ्या बाबांचा कराडजवळच्या एका गावात फोटो स्टुडिओ होता. रंगवलेला पडदा, स्टुलावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी, आत लाल बल्बची खोली आणि त्या खोलीत आम्ही पोरांनी पाऊल टाकायचं नाही ही सक्त ताकीद. हायपोचा म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास त्यांच्या शर्टाला कायम असायचा. बाबा गेले, दुकान भावाने विकलं, आणि बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात तीनशेच्या वर निगेटिव्हज मी इकडे घेऊन आले. सगळ्या १२० नावाच्या रुंद रोलच्या, सहा बाय सहा सेंटीमीटर, बटरपेपरच्या पाकिटात, पाकिटावर फक्त नंबर. बऱ्याचशा काठांवर इंदू नाहीतर ओर्वो असं फिल्मच्या ब्रँडचं नाव दिसतं.

दुसऱ्या क्वार्टरला मी त्यातली एक एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायच्या यंत्रात लावली. एक मुलगी, स्थळाला दाखवायला काढलेला फोटो असणार, एक हात स्टुलावर. किती उजेड द्यायचा ते बघायला पाच-पाच सेकंदांची टेस्ट स्ट्रिप काढली, मग आठ बाय दहा इंचाचा पूर्ण कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात सोडला. आधी केस आले, मग पदराचा काठ, मग डोळे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी वर आला. धुऊन उजेडात नेली तर गालावर बारीक बारीक पांढुरके फटकारे. मला वाटलं निगेटिव्ह खराब झालीय. भिंग लावून बघितलं तेव्हा कळलं, ती बाबांची पेन्सिल होती. पुटकुळ्या आणि डोळ्याखालची काळी छाया ते निगेटिव्हवरच शिसपेन्सिलीने भरायचे, तिथे निगेटिव्ह दाट झाली की प्रिंटमध्ये तो भाग उजळ येतो. छोट्या कॉपीत हे कोणाला दिसलंच नसतं, मी एवढी मोठी केली म्हणून दिसलं. मी तिथेच सिंकपाशी उभी राहून रडले.

आता अडचणी.

पहिली, माझा डार्करूमचा पहिला कोर्स पास होऊन संपला, दुसराही जूनमध्ये संपतोय. इकडे नियम असा की क्रेडिटचा कोर्स एकदा चांगल्या ग्रेडने पास झालात की परत घेता येत नाही, आणि कोर्सला नाव नसेल तर डार्करूममध्ये प्रवेश नाही. जूनपर्यंतच वेळ आहे. डिग्रीच्या मार्गाला लागू, का हे तेवढं पूर्ण करायचं बघू?

दुसरी, क्रिटीकला म्हणजे सगळ्यांच्या प्रिंट्स भिंतीवर लावून चर्चा करतात तेव्हा सर म्हणाले, प्रिंट सुंदर आहे पण यात तुझं काम कुठलं? ते वाईट हेतूने नाही म्हणाले, पण मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

तिसरी, काही निगेटिव्हज गुंडाळल्यासारख्या झाल्यात, त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. आणि ती पेन्सिल पुसायची का? वर्गातला एक मुलगा म्हणाला क्लीनरने साफ कर.

कोणी या वाटेने गेलेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, पुसू नका!! सगळ्यात आधी हेच. पेन्सिल फिल्मच्या मॅट बाजूला, खाली एक पातळ वार्निशसारखा थर देऊन केलेली असते, क्लीनर लावलात की थरासकट जाईल आणि परत येणार नाही. पाण्यात पण घालू नका. धूळ फक्त ब्लोअरने उडवा, हातात कॉटनचे ग्लोव्हज. आंबट वासाच्या आहेत त्या आजच वेगळ्या काढा. फिल्मचा अॅसिटेट बेस कुजायला लागला की त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि बंद डब्यात ते शेजारच्यांना पण लागतं. पत्र्याचा डबा वापरणंच सोडा, कागदी पाकिटं, थंड कोरडी जागा. ज्या आंबल्यात त्यांचं स्कॅनिंग आधी, कारण पुढे त्या आकसतात आणि वरचा थर सुटून सुरकुत्या पडतात, मग प्रिंटच काढता येत नाही.

प्रतिसाद २ (सॅन होजे)

मी तुमच्यासारखीच कम्युनिटी कॉलेजातून गेले. तुमच्या डिपार्टमेंटला 'स्पेशल प्रोजेक्ट्स' किंवा 'इंडिपेंडंट स्टडी' नावाचा कोर्स आहे का बघा, बऱ्याच कॉलेजांत असतो, एक-दोन युनिटचा, एका प्राध्यापकाच्या सहीने मिळतो आणि नाव लागलं की डार्करूमचा प्रवेश पण मिळतो. पण प्रपोजल लेखी लागतं, नुसतं 'मला प्रिंट काढायच्यात' चालत नाही, किती प्रिंट, कुठल्या आकाराच्या, का, हे लिहा. काही ठिकाणी ऑडिट, म्हणजे ग्रेड न घेता नुसतं वर्गात बसू देतात, तेही विचारा.

डिग्रीचं म्हणाल तर सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत फोटोग्राफीत बीएफए (फाइन आर्ट्सची पदवी) आहे, पण तिकडे जायचं तर जनरल एज्युकेशनचे विषय आधी काढावे लागतात, इंग्रजी, गणित वगैरे. माझं प्रामाणिक मत, कामासाठी डिग्री हवी असेल तर जा, या डब्यासाठी नको. डबा थांबणार नाही, डिग्री थांबेल. ड्रॉइंग मात्र सोडू नका आणि जमलं तर प्रिंटमेकिंग (ठशावरून चित्र छापणं) घ्या.

प्रतिसाद ३ (पुणे)

सरांच्या प्रश्नाबद्दल लिहितो. अॅन्सेल अॅडम्स, जो तुमच्याच सॅन फ्रान्सिस्कोचा आणि मुळात पियानो शिकलेला, तो निगेटिव्हला संगीताची लिखित रचना म्हणायचा आणि प्रिंटला तिचं सादरीकरण. आपल्याकडे बंदिश तीच असते पण गाणारा बदलला की ख्याल बदलतो, आणि कोणी विचारत नाही की बंदिश तुमची नाही मग यात तुमचं काय. पण त्यापुढे जाऊन सांगतो, तुमच्या वडिलांनी ते फटकारे कोणाला दिसू नयेत म्हणून मारले आणि तुम्ही ते दिसतील एवढी मोठी प्रिंट काढायचं ठरवलंत. हा निर्णय तुमचाच आहे ना? पुढच्या क्रिटीकला मूळ आकाराची छोटी कॉपी आणि ही मोठी शेजारी शेजारी लावा, फार बोलावं लागणार नाही.

एक विचारायचं होतं. पाकिटावर नंबर आहेत म्हणता, मग रजिस्टर असणार. जुन्या स्टुडिओत नंबर, नाव, किती कॉपी, अॅडव्हान्स किती, असं सगळं एका वहीत असायचं. ती वही कुठाय?

प्रतिसाद ४

तांत्रिक एक. सहा बाय सहाला ८० एमएमची लेन्स आणि त्या मापाचा निगेटिव्ह कॅरियर (एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह धरून ठेवणारी चौकट) हवा, ३५ एमएमवाली ५० ची लेन्स कोपरे काळे करेल. वाकलेली निगेटिव्ह काचेच्या कॅरियरमध्ये सपाट राहते पण इंद्रधनुषी गोल उमटतात, त्यासाठी वरची काच अँटी-न्यूटन, म्हणजे हे गोल येऊ न देणारी लागते. कॉलेजच्या स्टोअरमध्ये विचारा, कोपऱ्यात पडलेली असते बहुतेक.

आणि ताई, त्या मुली आज आजी झाल्या असतील. स्थळाला दाखवायचा फोटो कॉलेजच्या भिंतीवर लावायच्या आधी त्यांना विचारता आलं तर विचारा. सातासमुद्रापलीकडे कोण बघतंय असं म्हणू नका, गावातल्या कोणाचा तरी नातू तिथेच नोकरीला असतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार, उशिरा लिहितेय कारण मधे बरंच झालं.

आंबट वासाच्या एकोणतीस निघाल्या, वेगळ्या केल्या, रोज रात्री पाच-सहा स्कॅन करते. पेन्सिलीला हात लावलेला नाही. स्पेशल प्रोजेक्ट्सचा कोर्स आहे, सर सही करायला तयार झाले, प्रपोजलमध्ये लिहिलं की बारा निगेटिव्हज, प्रत्येकाची एक छोटी आणि एक मोठी प्रिंट. हे वाचून ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की मोठी सोळा बाय वीसची कर, आठ बाय दहा पुरणार नाही. डिग्रीचं सध्या बाजूला ठेवलंय. अँटी-न्यूटन काच खरंच मिळाली, एक कोपरा तुटका आहे पण चालते.

रजिस्टरचं मला सुचलंच नव्हतं. भावाला फोन केला, तो म्हणाला दुकान रिकामं करताना सगळं रद्दीत दिलं. दोन दिवसांनी वहिनीचा व्हॉट्सअॅपवर फोटो, वही माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागे होती. बाबांचं अक्षर. मी प्रिंट काढलेल्या त्या स्टुलावर हात ठेवलेल्या मुलीच्या पाकिटाचा नंबर २१४, वहीत २१४ समोर आडनाव, गाव, 'पोस्टकार्ड साईज कॉपी ३', आणि पुढे लाल पेनाने 'घाई, रविवारी पाहुणे'. नाव इथे लिहीत नाही. वहिनीचं माहेर त्याच गावचं आहे, ती म्हणाली मी चौकशी करते. त्या भेटल्या तर त्यांना काय पाठवू, छोटी कॉपी की मोठी?