डोळे आलेत, मागची बाटली चालेल का?

रंकाळाकाठची आई: धाकट्याचा डोळा सकाळी पिवळ्या चिपडानं चिकटून बसतोय. मार्चमध्ये थोरल्यासाठी उघडलेली मॉक्सिफ्लॉक्सासिनची (अँटिबायोटिक डोळ्यांच्या थेंबांची) बाटली फ्रिजमध्ये आहे. घालू का?

राजारामपुरीकर: नको ताई! उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकायची असते, आणि एकाची दुसऱ्याला तर नाहीच. आधी डॉक्टरांना दाखवा. चिपड उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा. डॉक्टरांनी दिलेले थेंब घालताना खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब, बाटलीचं टोक कुठंही न टेकवता. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा. माझी लेक रडायची, तिला मांडीवर आडवी घेऊन घालायचो.

रंकाळाकाठची आई: लाली गेली की बंद करायचं ना?

राजारामपुरीकर: सांगितलेले दिवस पूर्ण करा. आणि उजेड सोसेना, दुखायला लागलं किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी गाठा की डॉक्टर.

उचगावची मावशी: टॉवेल, उशीचा अभ्राही वेगळा ठेव गं.