हबर्ड की सँडर्स : रोकड नक्की कोणाची?
टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या कंपनीत पैसा गार्डिनर हबर्डने ओतला, हे विधान अर्धंच बरोबर आहे. हबर्ड मुळात वकील. पेटंटचा अर्ज दाखल करण्याची घाई त्याचीच, पण सुरुवातीची रोकड प्रामुख्याने थॉमस सँडर्सची. हा मॅसॅच्युसेट्समधला चामड्याचा व्यापारी. त्याच्या जन्मतः बहिऱ्या मुलाला बेल शिकवत असे. परताव्याचा पहिला पैसा दिसायच्या आत सँडर्सचे सुमारे १,१०,००० डॉलर अडकले होते. जुलै १८७७ मध्ये ५,००० शेअर काढले, त्यातले १,४९७ त्याच्याकडे आले आणि खजिनदारपदही.

एवढा पैसा अडकला तो हबर्डच्या धोरणामुळे. जोडे शिवण्याच्या यंत्रांच्या कंपनीचं काम पाहिल्यामुळे टेलिफोनचं यंत्र विकायचं नाही, भाड्यानेच द्यायचं, हे त्याने ठरवून टाकलं. दोन टेलिफोनच्या जोडीला घरगुती वापरासाठी वर्षाला २० डॉलर, धंद्यासाठी ४०. दर सहा महिन्यांनी आगाऊ. दुरुस्ती कंपनीकडे, तारेचा खर्च मात्र ग्राहकाचा. म्हणजे बॉस्टनच्या कारखान्यात यंत्र बनवायचे पैसे आज मोजायचे आणि वसुली वर्षानुवर्षं. मागणी जितकी वाढेल तितकी तिजोरी रिकामी! म्हणूनच सँडर्स बाहेरचं भांडवल आणा म्हणून मागे लागला आणि १८७८ मध्ये न्यू इंग्लंडपुरती वेगळी कंपनी निघाली. तरीही हबर्डचा हट्ट योग्यच होता असं मला ठामपणे वाटतं. यंत्रांची मालकी हातची गेली असती, तर पुढे वेस्टर्न युनियन या बलाढ्य तार कंपनीशी झुंजताना कंपनीकडे पेटंटच्या कागदापलीकडे फारसं काही उरलं नसतं.