मकिंग: उत्खनन 1978 मध्ये संपलं, दफनभूमीचा अहवाल 2009 मध्ये. असं रेंगाळलेलं काम मार्गी कसं लावतात?

रापी:
इंग्लंडच्या एसेक्समधल्या मकिंगला, थेम्सकाठच्या खडीच्या खाणीत, 1965 ते 1978 उत्खनन झालं. अँग्लो-सॅक्सन (रोमन सत्तेनंतरच्या शतकांतल्या) वस्तीचा अहवालखंड 1993 ला आला आणि दोन दफनभूम्यांचा 2009 ला. 203 खड्डाघरं (जमिनीत खड्डा खणून त्यावर उभारलेल्या झोपड्या), एकट्या दुसऱ्या दफनभूमीत 282 दफनं आणि 463 दहनं, म्हणजे पसारा मोठा हे कबूल. तरी तीस वर्षं? आणि असं अर्धवट काम आज हातात आलं तर सुरुवात कशाने करायची, खापरांनी की नकाशांनी? हाडांचा काळ ठरवायला कार्बन-14 चा उपयोग होईल का?

थरजोड:
नकाशांनी. त्याआधी खापरांच्या पेट्या उघडूच नका.

उशिराचं मूळ खाणीत आहे. यंत्रं मागे लागलेली, त्यामुळे तेरा वर्षं नुसतं खोदत राहणं भाग होतं आणि नोंदींचा मेळ घालायचं काम साचत गेलं. अशा ठिकाणी एकाच खड्ड्याला वहीत एक क्रमांक, नकाशावर दुसरा आणि पिशवीवर तिसराच सापडतो. म्हणून पहिलं काम क्रमांकांचा मेळतक्ता: वही, नकाशा, फोटो, पिशवी, प्रत्येकाला एक रकाना. जे जुळत नाही ते रिकामं सोडा, अंदाजाने भरू नका.

मग नकाशांचं माप तपासा. ब्रिटनमधली 1970 च्या आधीची रेखाटनं बऱ्याचदा फूट-इंचात असतात. फुटाला अर्धा इंच म्हणजे 1:24. ते 1:20 समजून स्कॅन केलं की 4 मीटरची झोपडी 3.33 मीटरची होते, आणि चूक लक्षात येते ती सगळे आराखडे जोडून झाल्यावर. कागद ओलाव्याने ताणला जातो तो वेगळाच. त्यामुळे ग्रिडचे (जागेवर आखलेल्या चौकटींच्या जाळीचे) निदान चार बिंदू धरूनच जुळवा.

काळी माती:
खापरांबद्दल एक सावधगिरी. खड्डाघराच्या खड्ड्यातला भराव हा तिथे राहणाऱ्यांचा कचरा नसतो. झोपडी मोडल्यावर शेजारच्या उकिरड्यावरचं त्यात लोटलेलं असतं. म्हणजे खापरावरून कळतो तो खड्डा बुजल्याचा काळ, बांधल्याचा नाही. झिजलेली बारीक रोमन खापरं तर हमखास मिसळलेली असतात. दर थराला खापरांचं सरासरी वजन काढा आणि दोन वेगळ्या खड्ड्यांतले तुकडे एकमेकांना जुळतात का ते बघा. जुळले, तर दोन्ही खड्डे एकाच सुमारास भरले असण्याची शक्यता वाढते, पण उकिरडा एकच असला तरी हेच दिसेल. वस्ती शतकागणिक सरकत गेली हे मकिंगचं गाजलेलं प्रतिपादन अशाच पुराव्यावर तोललेलं आहे, त्यामुळे इथे घाई नको.

रापी:
आणि कार्बन-14?

अस्थिकलश:
मकिंगच्या आम्लधर्मी खडीत हाडं जवळजवळ विरघळलेली. बऱ्याच थडग्यांत देहाचा फक्त डाग उरला होता, तेव्हा दफनांतून नमुना मिळणं कठीण. दहनातलं हाड मात्र टिकतं. पूर्ण भाजून पांढरं झालेलं, साधारण 2 ग्रॅम घ्या. करडं-काळं नको, ते भरवशाचं नाही. त्यातही चितेच्या लाकडातला कार्बन हाडात शिरतो, म्हणून जुन्या खोडाचं सरपण असेल तर तारीख खरीपेक्षा जुनी येते.

दुसरी अडचण: 5व्या शतकाच्या मध्यापासून 6व्याच्या सुरुवातीपर्यंत कॅलिब्रेशनचा (कार्बनच्या मोजणीवरून खरं वर्ष काढायचा) आलेख सपाट आहे. सुटी तारीख शंभर वर्षांत कुठेही बसू शकते. वस्तूंचा क्रम आधी लावून त्यावर बेझियन मॉडेल (क्रम आणि तारखा एकत्र तोलणारं संख्याशास्त्रीय गणित) चालवलं तरच पैसे सार्थकी लागतात.

थरजोड:
लोखंडाचं राहिलंच. भाले, सुऱ्या, बकलं साफ करण्याआधी एक्स-रे काढा. ब्रूचच्या (कपड्याला लावायच्या पिनेच्या) मागच्या गंजात कापडाची वीण उमटलेली असते आणि ब्रशने पहिली तीच जाते. पेट्यांतलं ओलावा शोषणारं सिलिका जेल कित्येक वर्षांत कुणी बदललेलं नसतं. ते तापवून कोरडं करा किंवा नवीन घाला आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आत आणा.

छपाईत थडग्यांची सूची आणि आराखडे आधी काढा, विवेचन नंतर. मकिंगचं प्रागैतिहासिक आणि रोमन काळाचं काम त्यानंतरच्या दशकात आलं. सगळे काळ एका खंडात बसवायला थांबले असते, तर दफनभूमीही तोवर अडून राहिली असती. मूळ नोंदी यॉर्कच्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिससारख्या (पुरातत्त्वाच्या डिजिटल नोंदी जपणाऱ्या) ठिकाणी जमा करा, मेळतक्त्यासकट. तो बहुतेक जण विसरतात.