नूरमहल सराय (पंजाब) बघितलीय का कुणी? वाट वाकडी करावी का?

वाटसरू: डिसेंबरात आईबाबांना घेऊन घुमानला चाललोय, नामदेव महाराजांच्या स्थानी. जालंधरला मुक्काम आहे, त्याच जिल्ह्यात नूरमहलला जहांगीरच्या काळातली सराय आहे म्हणे. नुसता दरवाजाच उरलाय की आत पण काही आहे? आणि कुठे नूरजहाननं बांधली लिहिलंय, कुठे झकरिया खानानं, नक्की कुणी?

दगडविटा: जाच. जुन्या आग्रा-लाहोर रस्त्यावरचा मुक्काम हा, 1618 ते 1621 च्या दरम्यान नूरजहानच्या हुकमानं बांधलेला. झकरिया खान लाहोरचा सुभेदार झाला 1726 ला, म्हणजे शंभर वर्षांनी, तो कसा बांधेल? त्याचं नाव येतं ते दरवाज्यावरच्या एका लेखामुळे, प्रवाशांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि जो फौजदार (म्हणजे मुघलांचा त्या भागाचा अंमलदार) घेईल त्याच्या बायकांना तलाक होवो, असं चक्क दगडात कोरलंय! आपल्या गधेगाळीच्या (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला जुना दगड) जातीचीच शापवाणी. बाकी पश्चिमेचा लाहोरी दरवाजा म्हणजे लाल दगडाचे चौकोन पाडून त्यात हत्ती, मोर, उंट, घोडेस्वार, पंखवाल्या पऱ्या... मुघल इमारतीवर इतके जीव एकत्र क्वचितच दिसतात, जवळ जाऊन एकेक चौकोन बघा.

निळावंती: दरवाज्याचे फोटो काढून लोक परत फिरतात याचं मला फार वाईट वाटतं हो. सराय म्हणजे आतला चौक! बाहेरून साधारण 551 फूट चौरस, चार कोपऱ्यांना अष्टकोनी बुरूज, आणि आत एकेका बाजूला 32 खोल्या, प्रत्येक खोली जेमतेम 11 फुटांची, पुढे छोटी पडवी. एवढ्याशा जागेत व्यापारी, यात्रेकरू, कुटुंबकबिला सगळे उतरायचे, रात्री दरवाजे बंद झाले की माणसं, जनावरं, माल सगळं आत सुरक्षित. चौकात मशीद आणि विहीर. बादशहाची दालनं दक्षिणेच्या बाजूला, पण त्याच भिंतीच्या आत, हे मला सगळ्यात आवडतं. पूर्वेचा दिल्ली दरवाजा मात्र पार ढासळलाय.

वाटसरू: वा, मग ठरलं, जातोच. ताई, आईचे गुडघे दुखतात, चढउतार फार आहे का?

निळावंती: नाही हो, चौक सपाट आहे, वरच्या मजल्यावर नाही गेलं तरी चालतं.

दगडविटा: वेळ उरला तर दादा, त्याच भागातल्या नकोदर गावचे दोन मकबरे करा, आणि त्याच्या पुढे दखनी सराय, तिच्या दरवाज्यांवर रंगीत चकाकत्या फरशांचं काम आहे. दोन्ही सराया एका दिवसात बघितल्या तर फरक छान कळतो.