मदत हवी आहे: सहा चटण्या, छत्तीस माणसं, चाखायचा क्रम कसा लावू?

नमस्कार मंडळी,

मी आणि वहिनी सिंहगड रोडला घरूनच लसूण-खोबऱ्याची चटणी करून विकतो. दिवाळीआधी एकच प्रमाण कायम करायचं आहे. मार्केट यार्डातून ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी आणली, मिरच्यांची प्रमाणं बदलत सहा चटण्या कुटल्या. नावं दिली अ, ब, क, ड, इ, फ.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये २४ जणांना बोलावलं. एकेक चमचा भात, त्यावर चटणी, आणि १ ते ९ गुण. सगळ्यांना अ पासून फ पर्यंत एकाच ओळीने वाढलं, तिथेच घोटाळा झाला. क मध्ये लवंगी भरपूर, त्यामुळे तिच्या पाठोपाठ आलेली ड साफ पडली. मला ते पटेना, कारण घरात सगळ्यांना ड च आवडते. दुसऱ्या दिवशी तिला ४ गुण देणाऱ्या दोघी काकूंना मी रिकाम्या तोंडी तीच चटणी दिली. दोघींनी ८ दिले! एक म्हणाल्या, "अगं, ही कालच का नाही ठेवलीस?" ठेवली होती, पण त्यांची जीभ तेव्हा क नेच भाजत होती.

तेव्हापासून वाचते आहे. विल्यम्स यांनी १९४९ मध्ये मांडलेली चौकटीची रचना समजली: पहिली ओळ अ ब फ क इ ड, पुढच्या प्रत्येक ओळीत एकेक अक्षर पुढे सरकवायचं (फ नंतर पुन्हा अ). सहा ओळींत प्रत्येक चटणी प्रत्येक जागी एकदा येते आणि प्रत्येक चटणीच्या लगेच मागे उरलेली प्रत्येक चटणी एकदाच येते. ही मी वहीत हाताने मांडली, जमली.

अडचण पुढे आहे. सहा वाट्या एका माणसाला झेपत नाहीत. चौथ्या वाटीपासून लोक नुसतं तिखट सांगतात, लसूण-खोबऱ्याबद्दल अक्षर बोलत नाहीत. म्हणून प्रत्येकी तीनच द्यायच्या आहेत. एक्सेलमध्ये रँडने (वाटेल तो आकडा देणारं सूत्र) क्रम पिसून पाहिला, तर एक चटणी ९ जणांकडे पहिली आली आणि दुसरी एकाकडेच. या वेळी नवे ३६ जण तयार आहेत. तीन-तीनचे संच आणि त्यांचा क्रम दोन्ही समतोल लावून देणारं फुकटातलं सॉफ्टवेअर आहे का? आणि कुणी ऐन वेळी आलंच नाही तर काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, तुम्हाला हवी आहे ती संतुलित अपूर्ण गट रचना, म्हणजे प्रत्येकाला थोडेच नमुने, पण प्रत्येक जोडी सारख्याच वेळा एकत्र. सहातून तीनसाठी १० संच लागतात: अबक, अबड, अकइ, अडफ, अइफ, बकफ, बडइ, बइफ, कडइ, कडफ. प्रत्येक चटणी ५ संचांत आहे आणि कुठलीही जोडी बरोबर २ संचांत. म्हणून माणसं दहाच्या पटीत घ्या. ३६ हा आकडा अडचणीचा आहे. ६० मिळाली तर सॉफ्टवेअरही नको, प्रत्येक संच त्याच्या सहाही क्रमांनी एकेकाला द्या.

६० जमत नसतील तर आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या सेन्सोमाइनआर पॅकेजमधल्या ऑप्टिमलडिझाइन या फंक्शनला माणसं किती, नमुने किती आणि प्रत्येकी किती एवढं सांगितलं की ते जागा आणि मागच्या चवीचा परिणाम या दोन्हींचा मेळ घालत क्रम काढतं. ३० जणांसाठी ते वापरा. नुसत्या विल्यम्स चौकटींसाठी क्रॉसडेझ पॅकेज आहे.

न येणाऱ्यांचं म्हणाल, तर कागदावर आधीच नावं घालू नका. जो येईल त्याला गठ्ठ्यातला वरचा कागद द्या. गठ्ठा दहा-दहाचा लावा, प्रत्येक दहात दहाही संच. मग तिसाव्या माणसावर थांबावं लागलं तरी जोड्या समान राहतात. वाट्यांवर अक्षरं नकोत, "अ म्हणजे उत्तम" असं मनात बसतं. ५४२, ८१७ असे तीन आकडी कोड टाका. आणि शेवटी सरळ सरासरी काढू नका. प्रत्येकाने वेगळे तीन चाखलेत, तेव्हा हिशेबात माणूस हाही घटक धरा, कारण कुणी सढळ गुण देतं, कुणी हात राखून.

प्रतिसाद २

दोन वाट्यांच्या मध्ये पाणी देऊ नका, त्याने तिखट जात नाही. दूध किंवा ताक द्या, त्यातलं केसीन हे प्रथिन तिखटपणा धरून नेतं. आणि तोंड शांत होईपर्यंत थांबा, घाई नको. क्रम कितीही समतोल असला तरी हे हवंच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! संच वहीत उतरवून जोड्या मोजल्या, सगळ्या दोनदाच येतात. ६० च करायचं ठरवलं आहे. कागद तयार झाले: ड दहा जणांकडे पहिली येते आणि क च्या लगेच मागे फक्त चौघांकडे. ताक वहिनी घुसळणार आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर आणखी २४ जणांसाठी आत्ताच निरोप टाकला, सात नावं आली आहेत.